पाहुण्याच्या पेल्यातला धूर

धुराच्या बिअरचा निकाल बहुतेक ठिकाणी पहिल्या घोटालाच लागतो. शहरातल्या बारमध्ये लाकडी पट्टीवर चार इवले पेले ओळीनं येतात. एकात फिकट लागर, दुसऱ्यात कडू आयपीए, तिसऱ्यात गव्हाची आणि चौथ्यात ही लालसर तपकिरी, धुरकट. चारही सारख्याच बर्फगार. चौथ्यातला एक घोट घेतला जातो, कुणी ‘बेकन’ म्हणतं, कुणी ‘ॲशट्रे’ म्हणतं, पेला टेबलाच्या मधोमध सरकतो आणि तिथेच राहतो. चाखणाऱ्याची जीभ खोटं बोलत नसते. ती साक्ष मात्र भलत्याच खटल्यात देत असते. शेतघरात बनणारी धुराची एल ज्या रीतीनं वाढायची, ती रीत तिच्या घडणीतच बसवलेली असते. माल्ट कसं वाळवायचं, उकळी द्यायची की नाही, बुडबुडे किती ठेवायचे, किती दिवसांत संपवायची, हे सगळे निर्णय ती कोण पिणार, कुठे पिणार आणि कशाबरोबर पिणार याकडे बघून झालेले असतात. ती रीत वजा केल्यावर जे उरतं, त्याला गुण दिले काय किंवा नापास केलं काय, सारखंच.

या अंकाचा विषय पाहुणचार. पेय आणि पाहुणा एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं सापडणं कठीण, म्हणून हा लेख नॉर्वेतल्या स्ट्योर्दालबद्दल आहे. ट्रॉनहाइम शहराच्या पूर्वेला तीसेक किलोमीटरवरचा हा शेतीचा पट्टा. ट्रॉनहाइमचा व्हॅर्नेस विमानतळ याच पट्ट्यात आहे, आणि ‘हेल’ नावाचं एक रेल्वे स्टेशनही, ज्याच्या पाटीसमोर इंग्रजी जाणणारे प्रवासी हटकून फोटो काढतात. विमानतळावरून थेट शहराकडे निघणाऱ्याला कल्पना नसते की आसपासच्या शेतांवर लोक आजही स्वतःचा सातू भिजवतात, त्याला मोड आणतात, लाकडाच्या धुरावर वाळवतात आणि त्याची बिअर करतात. युरोपात घरी बिअर करणारे लाखो आहेत. घरी माल्ट करणारे फार थोडे, आणि एका मुलखात इतक्या दाटीनं तर जवळजवळ कुठेच नाहीत.

भोकं पाडलेल्या फळ्या

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. मोड येताना दाण्यात अशी विकरं तयार होतात जी पुढे गरम पाण्यात पिठूळ भागाची साखर करतात. ती साखर यीस्ट खातं आणि दारू होते. कारखान्यात हे काम पोलादी पिंपांत आणि गरम हवेच्या झोतात होतं. स्ट्योर्दालमध्ये त्यासाठी ‘सॉइनहूस’ नावाची वेगळी छोटी इमारत असते. ती घरापासून जरा लांबच बांधतात, कारण लाकडी इमारतीत रात्रभर आग ठेवणं म्हणजे केव्हातरी इमारतच पेटणं, हा पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव. पुष्कळदा ती शेजाऱ्यांच्या गटाच्या सामाईक मालकीची असते. पाळ्या लागतात, लाकूड वाटून घेतलं जातं, दुरुस्तीला सगळे येतात. बिअर पुढे कोणाच्या टेबलावर जाणार याचा अर्धा हिशेब इथेच होऊन जातो. ज्यानं तुमच्या भट्टीत लाकूड सारलं, त्याच्यासमोर तुमची बिअर न ठेवणं शक्यच नसतं.

आत मुख्य वस्तू म्हणजे भट्टी. खाली चूल, तिच्यावर धूर पसरायला पोकळी, आणि त्यावर बारीक भोकं पाडलेल्या लाकडी फळ्यांचा पाट. दोनतीन दिवस भिजलेला आणि मग साधारण आठवडाभर मोड आलेला सातू या फळ्यांवर पसरायचा. चुलीत जळतो आल्डर, म्हणजे नदीकाठच्या ओल्या जमिनीत भराभर वाढणारं, इमारतीला फारसं उपयोगी नसलेलं झाड. धूर भोकांतून वर चढतो, ओल्या दाण्यांच्या थरातून वाट काढतो आणि छपराकडे जातो. दाणा ओला असतो तोवर धूर त्याला चिकटतो. कोरडा होत गेला की फारसा धरत नाही. म्हणून पहिले काही तास निर्णायक. आग मंद ठेवली तर दाणा सावकाश वाळतो, धूर भरपूर घेतो आणि विकरं शाबूत राहतात. आग भडकली तर विकरं मरतात आणि मग त्या माल्टची साखर होत नाही. कोणीतरी रात्रभर तिथे बसतं, माल्ट फावड्यानं उलटतं, हात घालून ऊब पाहतं. थर्मामीटर असतोच, पण हाताचं मतही घेतलं जातं.

धुराची चव नेमकी कुठून येते हेही सांगायला हवं, कारण पुढच्या युक्तिवादाचा तो पाया आहे. लाकडाला ताठपणा देणारा लिग्निन नावाचा पदार्थ जळताना फुटतो आणि त्यातून ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी संयुगं निघतात. यांचाच वास आपण ‘धूर’ म्हणून ओळखतो. आल्डर, बीच, बर्च, ओक या रुंद पानांच्या झाडांचा धूर मऊ लागतो. चीडसारख्या राळ असलेल्या झाडांच्या धुरात डांबराची कडवट छटा येते. त्यामुळे लाकूड कोणतं, किती सुकलेलं, आग किती मोकळी श्वास घेते, यांवर एकाच खोऱ्यातल्या दोन घरांच्या बिअरी निराळ्या होतात. एक गोडसर आणि हलकी, जणू धूर दुसऱ्या खोलीतून येतोय. दुसरी अशी की पेला तोंडाजवळ नेण्याआधीच नाकात शिरते. ‘स्ट्योर्दालची बिअर’ नावाची एक ठरलेली चव शोधायला जाणारा गोंधळतो. तिथे शेताशेताच्या चवी आहेत.

पिंप भरण्यापूर्वी झालेले निर्णय

माल्ट तयार झाल्यावरचं काम तुलनेनं साधं. दळलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवायचं, गोड पाणी गाळून घ्यायचं, यीस्ट घालायचं. गाळणीच्या तळाशी ज्युनिपरच्या, म्हणजे एका सुगंधी सदाहरित झुडपाच्या, फांद्या पसरायची रीत उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी आहे. ज्युनिपर उकळलेलं पाणी भांडी धुवायलाही वापरतात आणि मुरवायलाही. हॉप्स, म्हणजे आजच्या बिअरला कडूपणा आणि टिकाऊपणा देणारी फुलं, अगदी बेताची. काही घरांत गोड पाण्याला नीट उकळी देतात, काही घरांत देतच नाहीत. यीस्टच्या बाबतीत स्ट्योर्दालची गोष्ट थोडी गमतीची आहे. पश्चिम नॉर्वेत व्हॉस, हॉर्निंडाल अशा भागांत घराण्यातलं यीस्ट, ज्याला तिथे ‘क्वाइक’ म्हणतात, वाळवून पिढ्यान्पिढ्या जपलं गेलं आणि आता जगभरच्या ब्रुअरीजना हवंहवंसं झालं. स्ट्योर्दालनं माल्ट सांभाळलं आणि यीस्ट गमावलं. तिथे आज पावाचं यीस्ट वापरतात, दुकानातून आणलेलं, आणि त्याबद्दल कोणी ओशाळत नाही. परंपरा म्हटल्यावर सगळंच्या सगळं जुनं असायला हवं, हा हट्ट बाहेरच्यांचा असतो.

आता हे सगळे निर्णय एकत्र पाहा. उकळी कमी किंवा नाहीच, म्हणून धान्यातली प्रथिनं बिअरमध्ये उरतात: तिला दुधाळ, जाडसर अंग येतं, पण ती लवकर आंबटही होते. हॉप्स बेताचे, म्हणून गोडवा उघडा राहतो आणि जंतूंना अडवणारं फारसं कोणी नसतं. पिंपात दाब कमी, म्हणून बुडबुडे थोडे आणि फेस पातळ. तळघर थंड असतं, पण यंत्रानं गारठवलेलं नाही. या सगळ्याचा अर्थ एकच निघतो: ही बिअर थोड्या काळात, जवळच्याच जागी, बऱ्याच माणसांनी मिळून प्यायची आहे. पिंप उघडल्यावर ते संपवायचं असतं, आणि एका घराला ते संपवणं परवडत नाही. पाहुणे बोलावणं हा इथे स्वभावाचा मोठेपणा तर आहेच, पण पेयाची गरजही आहे.

ज्या घरात उकळी देतात आणि बाटल्या भरतात तिथे मुदत वाढते, हे खरं. धुराची धारही आठवड्यांगणिक बोथट होते. साठवलेल्या धुरकट माल्टचा वासही महिन्यांमागून उतरत जातो. म्हणून तिथे चाखणारा पहिला प्रश्न विचारतो तो वयाचा: कधी केली? आपल्याकडे लोणच्याबद्दल विचारतात त्या सुरात, पण उलट्या अपेक्षेनं. जुनी असेल तर कौतुक नाही, सवलत मिळते.

तिसरा पेला

नाक कोणत्याही सततच्या वासाला सरावतं. धुराच्या बाबतीत हा सराव विशेष स्पष्ट कळतो, कारण पहिल्या घोटाला धूर इतका पुढे असतो की त्याच्यामागचं काही दिसत नाही. अर्धा पेला होईपर्यंत नाक धुराची नोंद घेणं कमी करतं, आणि मग मागची माणसं पुढे येतात: भाजलेल्या ब्रेडची साल, मधासारखा गोडवा, ज्युनिपरचा हिरवट वास, कधी सुक्या फळांची आठवण. जर्मनीतल्या बाम्बर्गमध्ये बीचच्या धुराची बिअर करणारी श्लेंकर्ला ही जुनी ब्रुअरी नवख्या गिऱ्हाइकाला हेच सांगते की पहिल्या पेल्यावरून ठरवू नका. याला धंद्याची हुशारी म्हणता येईल, एकाऐवजी तीन विकायची. पण नाकाचं शास्त्र ब्रुअरीच्याच बाजूनं आहे. चार इवल्या पेल्यांच्या ओळीत नाकाला सरावायला वेळ मिळत नाही. तिथे धुराची बिअर कायम पहिल्या घोटातच अडकून राहते.

तापमानाचंही असंच. चार अंशांवर वास मंदावतात आणि जिभेला गोडवा कमी जाणवतो. उरतो तो धुराचा कोरडा, कडसर टोकदारपणा. तीच बिअर दहा-बारा अंशांवर आणली की माल्टचा गोडवा धुराला खांदा देतो. आता त्यात भरपूर वायू भरून पाहा: वायूची आंबूस चुरचुर आणि फुटणाऱ्या बुडबुड्यांबरोबर एकदम वर उसळणारा वास, दोन्ही मिळून धूर पुन्हा अंगावर येतो. तेव्हा तळघराचा बेताचा थंडावा आणि पातळ फेस या गोष्टी साधनांच्या अभावी आलेल्या असतील कदाचित, पण चवीच्या दृष्टीनं त्या चुका नाहीत. शिवाय आज तो अभावही उरलेला नाही: स्ट्योर्दालमध्ये फ्रीज नाही असं घर कुठे असणार?

सोबत काय ठेवायचं हा प्रश्न त्यामुळे सजावटीचा राहत नाही. नॉर्वेच्या या भागात बिअर येते ती खारवून सुकवलेल्या मांसाबरोबर, पातळ कुरकुरीत फ्लाटब्रॉडबरोबर, आंबट सायीच्या लापशीबरोबर, नाताळात डुकराच्या चरबीदार बरगडीबरोबर. मीठ आणि चरबी धुराच्या कडा घासून गुळगुळीत करतात. रिकाम्या पोटी, रिकाम्या टेबलावर चाखलेल्या बिअरला जे ‘फार होतंय’ वाटतं, तेच बरगडीसमोर जेमतेम पुरतं. हे आपल्याला नवं नाही: आमटीला धूर लागला की आपण ती धुरकटली म्हणून तोंड वाकडं करतो, आणि वांग्याच्या भरिताला तोच धूर नसला तर वाकडं करतो.

पण मग दोष म्हणून काही उरतं की नाही? उरतं, आणि जाणकार ते निष्ठुरपणे सांगतात. ओल्या लाकडाच्या घुसमटत्या आगीची बिअर राखेसारखी, घशाला खरवडणारी लागते. भडकलेल्या आगीत करपलेल्या माल्टची चव जळक्या कॉफीकडे जाते. दवाखान्यातल्या चिकटपट्टीसारखा वास आला तर तो धूर नसून बहुधा नको त्या जंतूंचं काम असतं. आंबटपणा म्हणजे पिंप उशिरा उघडलं किंवा भांडी नीट धुतली नाहीत. चांगल्या धुराची खूण अशी की घोट गिळल्यावर तो श्वासात परततो, तोंडात चिकटून बसत नाही. शेवटी पुढचा घोट घ्यावासा वाटतो की नाही, हीच त्याची परीक्षा.

आधी चाखायचं कोणी

बिअर आणि एकत्र जमणं यांचं नातं नॉर्वेत कधीकाळी कायद्यात लिहिलेलं होतं. मध्ययुगात पश्चिम नॉर्वेत लागू असलेल्या गुलाटिंग कायद्यानं शेतकऱ्यांवर सणाची बिअर करण्याचं बंधन घातलं, आणि तीही किमान तीन घरांनी मिळून. नाताळची बिअर ख्रिस्ताच्या आणि मेरीच्या नावानं, चांगल्या वर्षासाठी आणि शांततेसाठी मंत्रून प्यायची. चुकवली तर बिशपला तीन मार्क दंड. तीन हिवाळे ओळीनं चुकवली तर मालमत्ता जप्त, निम्मी राजाला आणि निम्मी बिशपला. बिअर न केल्याबद्दल शेत जाणं, ही शिक्षा आज विनोदी वाटते. पण त्यामागचा विचार साफ दिसतो: ज्याच्याकडे सणाला देण्यासारखं काही नाही, तो शेजाऱ्यांच्या मंडळाबाहेर पडला.

कायदा गेला, रीत राहिली. २१ डिसेंबर हा संत थॉमसचा दिवस उत्तरेत ‘बिअरवाल्या थॉमस’चा म्हणून ओळखला जाई. लाकडी पट्टीवर कोरलेल्या जुन्या दिनदर्शिकांत त्या दिवशी पिंपाचं चित्र असे. तोवर नाताळची बिअर तयार असली पाहिजे, आणि त्या दिवशी घरोघरी जाऊन एकमेकांची चाखायची. पश्चिम नॉर्वेत बिअर आंबून पिंपात भरायच्या वेळी शेजारी जमतात, त्याला ‘ओपस्कोके’ म्हणतात. समारंभ छोटा, पण तो खरं तर परीक्षेचा. ऑड नॉर्डलंड या अभ्यासकानं देशभरातल्या जुन्या माणसांकडून आलेल्या उत्तरांवरून १९६९ मध्ये नॉर्वेच्या बिअरपरंपरेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात अशा चालीरीती भरभरून आहेत. यीस्ट घालताना मोठ्यानं आरोळी ठोकायची, म्हणजे बिअर चढेल, ही त्यातली एक. तिचा उपयोग काय हे विचारू नये. पण आरोळी शेजारच्या शेतावर ऐकू जात असणार, आणि त्या घरी आता बिअर होणार हे कळत असणार.

भांडीही हेच सांगतात. नक्षीचा मोठा लाकडी वाडगा टेबलावर यायचा आणि त्यात पक्ष्याच्या आकाराच्या छोट्या वाट्या तरंगायच्या. पाहुणा वाटी बुडवून प्यायचा आणि परत सोडायचा. पश्चिमेकडे दोन कानांचं लाकडी भांडं हातोहात फिरे. आज काचेचे पेले आहेत, पण पिंपाजवळ यजमान स्वतः उभा असतो आणि स्वतः ओततो. तळाचा गाळ हलू न देता, पेला तिरका धरून, सावकाश. ओतताना तो माल्टबद्दल बोलतो: यंदा सातू कसा होता, मोड किती दिवसांत आले, आग कोणी सांभाळली. पाहुण्यांतल्या अर्ध्या लोकांचीही स्वतःची माल्टची पोती असतात, त्यामुळे कौतुक जपून केलं जातं. लग्नाला, बारशाला, मयतीलाही बिअर होत असे. ‘ग्राव्हओल’, म्हणजे मयतीची बिअर, हा शब्द नॉर्वेजियन भाषेत अजून चालतो.

‘हा सगळा भाबडेपणा आहे’

या मांडणीवर पहिला आक्षेप उघड आहे. धूर ही गरज होती, आवड नव्हे. पूर्वी दुसरं साधन नव्हतं म्हणून लोकांनी धुराची बिअर सोसली. साधन मिळताच जगानं ती टाकून दिली. इतिहासाचा पहिला भाग बराचसा बरोबर आहे. १७ व्या शतकात इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये दगडी कोळशाच्या कोकवर माल्ट वाळवायला लागल्यापासून बिनधुराचं, फिकट माल्ट मोठ्या प्रमाणावर शक्य झालं, आणि पुढे गरम हवेच्या भट्ट्यांनी धुराला जवळजवळ हद्दपार केलं. मात्र त्याआधीची प्रत्येक बिअर धुरकट होती असंही नाही. उन्हात, माळ्यावरच्या वाऱ्यावर वाळवलेली माल्टंही होती. स्ट्योर्दालच्या शेतकऱ्यासमोर तर कैक पिढ्या निवड उघडी आहे. दुकानात तयार माल्ट पोत्यानं मिळतं, स्वस्त मिळतं, आणि त्यासाठी रात्र जागावी लागत नाही. नॉर्वेतल्या कितीतरी खोऱ्यांनी ते घेतलंही. ज्यांनी घेतलं नाही, त्यांच्याबाबतीत ‘गरज’ हे उत्तर पुरत नाही. मूळ कारण गरज असेल, टिकण्याचं कारण आवड आहे, आणि ही दोन कारणं एकच असायला हवीत असा नियम नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. ‘जागेवर प्या, यजमानाच्या हातून प्या, जेवणाबरोबर प्या’ असं म्हटलं की कोणतीही सुमार बिअर सुटते. पाहुणा यजमानाच्या तोंडावर वाईट कसं म्हणेल? पेय चांगलं असेल तर ते अनोळखी खोलीत, नाव झाकलेल्या पेल्यातही चांगलं ठरायला हवं. या आक्षेपाचा मान ठेवून दोन गोष्टी सांगता येतील. एक, झाकलेल्या पेल्याची चाचणीही तटस्थ नसते. तिचं तापमान, तिच्या घोटाचं माप, तिचा क्रम हे सगळं कोणत्यातरी बिअरला सोयीचं ठरतंच, आणि आज ते फिकट, वायूभरल्या, गार बिअरला सोयीचं आहे. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या वर्गवारीत स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या धुरकट ‘ड्रिका’ला स्वतंत्र जागा आहे, ही चांगलीच गोष्ट. पण वर्गवारी पेल्यातल्या द्रवाचं वर्णन करते, आणि ड्रिका तर दर दिवशी बदलते: आज गोड, अजून आंबत असलेली, आठवड्यानं कोरडी. कोणत्या दिवसाच्या ड्रिकाला गुण द्यायचे? दुसरी गोष्ट, यजमानासमोर पाहुणा गप्प बसतो हे गृहीत चुकीचं आहे. जिथे पाहुणाही बिअर करणारा असतो तिथे तो बोलतो, निदान परतीच्या वाटेवर तरी, आणि ते यजमानापर्यंत पोचतं. गॉटलंडवर ड्रिकाची स्पर्धा भरते, तिला बिनदिक्कत ‘जागतिक अजिंक्यपद’ म्हणतात. नाव गमतीनं घेतलं तरी निकाल कोणी गमतीत घेत नाही. या लोकांना बाहेरून कसोटी आणून द्यायची गरज नाही. त्यांची कसोटी आधीच आहे, फक्त ती त्यांच्या तापमानावर आणि त्यांच्या जेवणाबरोबर लावली जाते.

तिसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो टाळून चालणार नाही. धूर निरुपद्रवी नसतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत बिअरमध्ये एनडीएमए हा कर्करोगकारक नायट्रोसामीन सापडला. थेट ज्वालेच्या वायूंवर वाळवलेलं माल्ट त्याला कारण ठरलं, आणि माल्टच्या कारखान्यांनी अप्रत्यक्ष उष्णतेकडे मोर्चा वळवला. त्यात मोठा वाटा होता गॅसच्या फार तापट ज्वाळांचा, कारण त्यांत नायट्रोजनची ऑक्साइडं जास्त होतात. लाकडाची मंद आग तितकी तापत नाही. तरी ‘तितकी नाही’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे. शिवाय अल्कोहोल स्वतःच कर्करोगाशी जोडलेलं आहे, धूर असो वा नसो. या बाबतीत परंपरेच्या बाजूनं एवढंच म्हणता येतं की तिनं ही बिअर रोजच्या तहानेसाठी न ठेवता सणाला, मयतीला, लग्नाला बांधली. रोज गार कॅन उघडणाऱ्यानं धुराकडे बोट दाखवावं हे जरा जास्तच होतं.

विकायची म्हटली तर

मग ही बिअर शेताबाहेर येऊच नये का? नॉर्वेत कायद्याचं एक कुंपण आहेच: ४.७ टक्क्यांहून कडक बिअर घरी न्यायची तर ती मुख्यतः ‘विनमोनोपोल’ या सरकारी दुकानांत मिळते, आणि घरी केलेली विकता येत नाही, देता येते. माझ्या मते स्ट्योर्दालची रीत टिकायला या कुंपणाचा हातभारच लागला असावा. जी वस्तू विकता येत नाही ती पाहुण्यालाच द्यावी लागते.

पण विकूनही रीत सांभाळता येते याचे दाखले आहेत. फिनलंडची साहती ही शेतघरातली एल, सहसा धुराची नव्हे, पण तितकीच नाजूक आणि नाशवंत. २००२ मध्ये तिला युरोपीय संघानं पारंपरिक खासियत म्हणून संरक्षण दिलं. ती विकली जाते, मात्र ताजी, थंडाव्यात ठेवून, थोड्या मुदतीत. टिकावी म्हणून तिचं रूप बदललेलं नाही. बाम्बर्गच्या श्लेंकर्लाचा मार्ग निराळा. ती शेतघरातली नाही, शहरातली ब्रुअरी आहे. पण तिच्या खानावळीत बिअर लाकडी पिंपातून, नळाला वायूचा दाब न लावता, केवळ उतारानं पेल्यात येते, आणि समोर जेवणाची थाळी असते. तीच बिअर बाटलीत भरून दूरदेशी जाते तेव्हा तिचा बराचसा भाग मागे बाम्बर्गलाच राहतो, असं पिणारेच सांगतात. नॉर्वेच्या हॉर्निंडालमध्ये २०१६ पासून शेतघरातल्या बिअरचा उत्सव भरतो, तिथे बिअर करणारा माणूस स्वतः ओततो आणि स्वतः प्रश्नांना उत्तरं देतो. लार्स मारियुस गार्शोल या संगणकक्षेत्रातल्या माणसानं गावोगाव फिरून ही सगळी ज्ञानपरंपरा नोंदवली आणि २०२० मध्ये तिच्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं, तेव्हापासून जगभरचे हौशी लोक आल्डरचा धूर द्यायला लागले आहेत. बरेच जण माल्ट चांगलं करतात. मग ती बिअर चार अंशांवर, भरपूर वायू घालून, इवल्या पेल्यातून देतात आणि लोकांना आवडत नाही म्हणून खट्टू होतात.

आपल्या वाचकांपैकी जे ब्रिटन, अमेरिका, जर्मनीत आहेत ते कायद्याच्या चौकटीत राहून घरी असा प्रयोग करू शकतात. बीचच्या धुराचं माल्ट बाम्बर्गहून आलेलं तिकडे सहज मिळतं, आल्डरचं बहुधा स्वतःच करावं लागेल. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत धुराची बिअर फळ्यावर लिहिलेली दिसली तर ओतणाऱ्याला तीन गोष्टी सांगून पाहा: चाखायचा इवला पेला नको, पूर्ण द्या, नळातून काढल्यावर दहा मिनिटं बाहेर राहू द्या, आणि बिअर जेवणाच्या आधी नको, जेवणाबरोबर आणा.